लाज नसते, की सोसवत नाही?

आत्ममुग्ध माणसाला लाज अशी नसतेच, हे मत वरकरणी पटण्यासारखे असले, तरी मनोविश्लेषक हाइन्झ कोहुट यांनी १९७२ साली अशा माणसांच्या संतापाचे विवेचन करताना त्याचे मूळ दुखावलेल्या स्वत्वात आणि असह्य लाजेत शोधले होते. बैठकीत कनिष्ठाने तक्त्यातील बेरीज चुकल्याचे हळूच दाखवले, की असे साहेब बेरीज तपासण्याऐवजी त्याच्या निष्ठेवर घसरतात आणि पुढचा अर्धा तास स्वतःच्या जुन्या पराक्रमांचे पारायण चालते (हे दृश्य बहुतेकांनी पाहिले असेल). मानसशास्त्रज्ञ जेसिका ट्रेसी आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी अभिमानाचे जे दोन प्रकार मांडले, ते इथे उपयोगी पडतात: एक, ‘मी हे काम नीट केले’ असा कृतीशी बांधलेला, आणि दुसरा, ‘मी आहेच थोर’ असा. त्यांच्या अभ्यासात आत्ममुग्धता आणि लाजेची प्रवृत्ती या दोन्हींचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी आढळला. तिथे एक आकडा चुकला तरी अख्खा माणूस खोटा ठरतो, म्हणून चूक कबूल करणे परवडत नाही. अर्थात प्रत्येक बढाईखोराच्या आत घाबरलेला जीव असतोच, असे मी म्हणणार नाही. संशोधक आत्ममुग्धतेची उद्दाम आणि हळवी अशी दोन रूपे मानतात, आणि लाजेचा धागा हळव्या रूपात अधिक स्पष्ट दिसतो.