बाळाच्या गोधडीत कापूस नकोच

बाळाच्या गोधडीसाठी नवं कापड घेऊन आत कापूस भरावा, असं काहीजण सुचवतात. मला नाही पटत. कापूस धुतल्यावर गोळा होतो, लवकर वाळत नाही. जुन्या सुती लुगड्याचे तीन-चार थर पुरतात. त्यातली खळ केव्हाच गेलेली असते, आटायचं तेवढं कापड आटलेलं असतं.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका शिवतात ती कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, तीही बघा. त्या कडेपासून धावदोरा घालत, ठिगळं जोडत, फेऱ्या घेत मध्याकडे येतात. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची ‘फुलं’ लावतात, फार देखणी! बाळासाठी शिवताना मात्र टाके बारीक घ्या आणि गाठी थरांच्या आत लपवा. सुटा दोरा इवल्याशा बोटाला गुंडाळला जाऊन आवळतो.