आदल्या रात्रीपर्यंत चालत होतं! शाळा-कॉलेजातल्या प्रोजेक्टचे अनुभव लिहा

निळी_शाई:
काल रात्री भाचीचा फोन आला, आवाज रडवेला. "मावशी, घरी रोबो रेषेवरून अगदी सरळ जात होता गं. आज वर्गात त्याला रेषा दिसतच नाहीये." मी एवढंच विचारलं, टेबल खिडकीजवळ होतं का? होतं.

आमच्या ग्रुपचं नेमकं हेच झालं होतं. आमच्या रोबोत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कोड चालवणारी चिप, नव्हता. एलएम ३५८ ही दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप वापरून पांढरं-काळं ओळखायचं आणि त्यांच्यातली सीमा पोटेन्शियोमीटर (रोध कमी-जास्त करायचं बटण) फिरवून ठरवायची. ते सगळं फिरवणं रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात. प्रात्यक्षिक मात्र सकाळी, उन्हात. सेन्सर चालायचा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर. सूर्यप्रकाशात ते भरपूर असतं, त्यामुळे सेन्सरला पांढरा कागद आणि काळी पट्टी सारखीच दिसायला लागली. रोबो सरळ टेबलाच्या कडेकडे निघाला आणि मैत्रिणीने तो झेलला.

फोन ठेवल्यावर जुनी प्रयोगवही शोधून काढली. प्रात्यक्षिकाच्या चार दिवस आधीपासून पानं कोरी आहेत. चालायला लागलं म्हणून आम्ही लिहिणंच बंद केलं होतं. त्या चार दिवसांत पोटेन्शियोमीटर किती वेळा फिरवला, कशासाठी फिरवला, कुठेच नोंद नाही. इतक्या वर्षांनी ती कोरी पानं बघून चुटपुट लागली, म्हणून हा धागा. तुमचं काय काय झालं ते लिहा. चाललेलं, न चाललेलं, सगळं.

तांब्याची_तार:
मोटर सुरू झाली की बोर्ड रिसेट. परत सुरू, परत रिसेट. तीन रात्री कोड ओळन् ओळ वाचला. कोडात काही नव्हतंच. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी, तिच्यावरच बोर्ड आणि तिच्यावरच दोन मोटरी. मोटर जागची हलताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. त्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त, मग व्होल्टेज धपकन खाली येतं आणि बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो. एका सीनियर दादाने चाक हाताने धरून ठेवलं आणि मल्टिमीटरवरचा आकडा कोसळताना दाखवला. मोटरींना वेगळे सेल दिले. चौथी रात्र गेली कारण दोन्हीकडचं ग्राउंड, म्हणजे ऋण टोक, एकमेकांना जोडलंच नव्हतं.

गजर:
ग्राउंड कॉमन करा!! आमच्या लॅबच्या फळ्यावर कोपऱ्यात हे कायम लिहिलेलं असायचं. फळा पुसणारेसुद्धा तेवढं सोडून पुसायचे.

दोन_कुंड्या:
सर्किटवाल्यांच्या गर्दीत मी एकटीच रोपंवाली दिसतेय. गाणी ऐकवली तर रोप जास्त वाढतं का, हा माझा विषय. कुंड्या दोन, एक गाणंवाली आणि एक शांत. तीन आठवड्यांत गाणंवालं रोप चांगलं बोटभर उंच! मी हवेत. तक्ता रंगवून झाला होता. बाईंनी एकच विचारलं, "दोन्ही कुंड्या खिडकीपासून सारख्याच अंतरावर होत्या का?"
नव्हत्या. स्पीकर खिडकीपाशी होता, म्हणून ती कुंडी पण
थांबा, बाळ उठलं. येते.

काडीपूल:
काड्यांच्या पुलाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून? आमचा पूल सांध्यात तुटेल असं सगळ्यांना वाटत होतं, म्हणून डिंक सगळा सांध्यांवर. वजन वाढवत गेलो तर वरची लांब काडी आधी धनुष्यासारखी वाकली आणि मग कडाड! सांधे शाबूत. दाबाखाली असलेली बारीक काडी चिरडत नाही, बाजूला वाकते. तिची आधाराशिवायची लांबी निम्मी केली तर ती चौपट भार घेते. हे ऑयलरचं सूत्र पुढे कॉलेजात आलं, तेव्हा मला तो कडाड आवाज ऐकू आला. दुसऱ्या पुलात त्या काड्यांच्या मध्यावर आडवे आधार टाकले, बाकी सगळं तेच. पहिल्याच्या दुपटीहून जास्त वजन घेतलं.
एक सांगतो, पूल दोन करा. एक फक्त स्वतःसमोर मोडून बघायला. आमच्याकडे तेवढा वेळ उरला होता तो निव्वळ योगायोगाने.

पेन्सिल:
मुलाचा प्रकल्प उद्या द्यायचाय, विषय आज कळला. धागा वाचून धीर आला एवढं सांगायला आले. पळते.

गजर:
@पेन्सिल, एका रात्रीत लंबक होतो! दोरा, वजन, घड्याळ. एक झोका मोजायला लावू नका, बटण दाबण्यातली चूकच मोठी येते. दहा झोके मोजून दहाने भागा. १ मीटर दोरीला एक पूर्ण झोका साधारण २ सेकंदांचा यायला हवा. दोरी पाव केली की वेळ निम्मा. वजन बदललं तरी वेळ बदलत नाही, हे मुलाला आधी सांगू नका, त्यालाच सापडू दे.

पेन्सिल:
देव भलं करो तुमचं 🙏

खोकं:
आमचं भांडण झालं होतं. चौघांचा ग्रुप, कामं वाटून घेतलेली. सर्किट एकाचं, कोड दुसऱ्याचा, डबा माझा, अहवाल चौथ्याचा. प्रत्येकाचं काम आपापल्या घरी उत्तम चालत होतं. शेवटच्या दिवशी जोडायला बसलो तर बोर्ड डब्यात जाईना. त्याने माप इंचात सांगितलं होतं, मी सेंटिमीटर समजून भोकं पाडली. दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. तो मित्र आता दूर असतो, हे त्याला पाठवतोय.

तांब्याची_तार:
@खोकं, मनाला लावून घेऊ नका. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून गमावलं ते एककांमुळेच. एका सॉफ्टवेअरने इंजिनांचा आवेग पाउंड-सेकंदात दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंद धरला. साधारण साडेचार पटीचा फरक. यान ठरल्यापेक्षा फारच खालून वातावरणात शिरलं.

खोकं:
हे तेव्हा माहीत असतं तर दोन दिवसांचा अबोला वाचला असता. पाठवलं त्याला. त्याने फक्त "इंच" एवढाच शब्द परत पाठवलाय आणि हसायची बाहुली.

ओली_माती:
कुणी मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर वापरला आहे का? मुलीचा दोन आठवड्यांत काळाहिरवा पडला, आकडेही भलतेच येतायत.

गजर:
दोन उघड्या पायांचा असेल ना? सतत वीज चालू ठेवली की ओल्या मातीत विद्युत अपघटन होतं, एका पायाचा मुलामा जातो आणि तांबं विरघळत राहतं. वाचन घेण्यापुरतीच वीज द्या, तासातून क्षणभर. नाहीतर कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या, त्याचा धातू मातीला लागत नाही.

ओली_माती:
आभार! सतत चालूच होता. खराब झालेला फेकणार होते, आता ती म्हणते फोटो काढून अहवालात लावते.

दोन_कुंड्या:
आले परत. कुठे होते मी? हां, खिडकी. बाईंनी मुदत वाढवून दिली. मग दोन्हीकडे दहा-दहा रोपं घेतली, माती आणि पाणी मोजून सारखं, आणि दर दोन दिवसांनी जागांची अदलाबदल. फरक गेला! दोन्हीकडची सरासरी जवळजवळ सारखी. मला रडू आलं, रंगवलेला तक्ता वाया गेला म्हणून. बाई म्हणाल्या, फरक आढळला नाही असंच लिही. तसंच लिहिलं. आज कामावर कुणी एकाच नमुन्यावरून काही सांगितलं की मला ती खिडकी आठवते.

काडीपूल:
बाई भेटल्या तर आमचाही नमस्कार सांगा.

निळी_शाई:
भाचीचं कळवते. काळ्या पुठ्ठ्याची झालर करून सेन्सरभोवती लावली, खाली जेमतेम फट. शिवाय सुरू झाल्यावर रोबो आधी डावी-उजवीकडे वळून त्या जागेचं पांढरं-काळं मोजतो आणि सीमा स्वतः ठरवतो. हे तिने स्वतःच शोधलं. आज खिडकीपाशी चालला, पडदा ओढूनही चालला. वहीत दोन्ही वेळचे आकडे आहेत.
@तांब्याची_तार, वळणावर मात्र मधूनच रिसेट होतो म्हणते. चौकोनी बॅटरीच आहे.

तांब्याची_तार:
चाक हाताने धरायला सांगा, आणि दुसऱ्या हातात मल्टिमीटर.