दसऱ्याच्या आदल्या रात्री दादरची फुलगल्ली: आईला नेऊ का?

मुक्ता_कल्याण:
आई लग्नाआधी नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. दसऱ्याच्या आदल्या रात्री आजोबांबरोबर चालत दादरला जाऊन झेंडूचे गोंडे आणायचे, हे ती दरवर्षी सांगते आणि दरवर्षी "आता कुठे जमतंय" म्हणून विषय मिटवते. यंदा तिला न्यायचंच ठरवलंय. वय ६७, उजवा गुडघा दुखरा. लोकलने येणार. किती वाजता पोचावं? गर्दी झेपेल का तिला? पाच किलो गोंडे घेऊन परतीच्या गाडीत चढता येतं का? भावातलं मला काही कळत नाही. थोडं लुबाडलं तरी चालेल, फार नको.

कल्याणचा_शेजारी:
ताई, आपल्या कल्याणच्या बाजार समितीत एवढा मोठा फुलबाजार असताना दादर कशाला? रिक्षाने जा, रिक्षाने या.

जुना_खिळेजुळारी:
वरच्यांचं बरोबर आहे, फक्त त्यांनी प्रश्न वाचलेला नाही.

लोअर परळला आमचा छापखाना होता. खंडेनवमीला ट्रेडलपासून कटिंग मशिनपर्यंत सगळ्यांना हार, म्हणून आमची एक रात्र अष्टमीची आणि घरच्या दसऱ्याची दुसरी. १९८३ पासून एकही खाडा नाही. छापखाना गेला, खाडा अजून नाही.

संध्याकाळी सात ते नऊ अजिबात नको. ऑफिसं सुटलेली असतात, पुलावर पाय टेकायला जागा नसते. साडेनऊ-दहाला पोचा आणि बाराच्या आत परतीची गाडी धरा. खरा बाजार त्यानंतर, पहाटे चारला ट्रक रिकामे होतात तेव्हाचा; पण तो या गुडघ्याला नको. मध्य रेल्वेचे फलाट डिसेंबर २०२३ पासून ८ ते १४ झालेत. आई जुना नंबर सांगेल, ऐकू नका. पुलावर तिला कठड्याच्या बाजूने चालवा. पश्चिमेला उतरलात की वासच नेईल. सेनापती बापट मार्गावर मीनाताई ठाकरे फूलमंडई आहे, पण त्या रात्री मंडई कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो हे पोलिसालाही सांगता येत नाही.

आता गोंडा. ढिगावर सतत पाणी मारतात, त्या पाण्याचेही पैसे तुम्हीच देता. मूठभर उचलून झटका. मग एक फूल दाबून बघा, ताजं असेल तर परत फुलतं. परतीच्या पावसात भिजलेला माल वरून झकास दिसतो नि आतून काळा असतो, म्हणून पाकळ्या फाकवायच्या. फुलवाला ओरडेल. ओरडू द्या. गोणीतला घेऊ नका, तळाचा चेपलेला असतो, क्रेटमधला घ्या. गेल्या वर्षी मी रात्री दीडशे रुपये किलोने घेतला आणि दसऱ्याच्या दुपारी तोच माणूस साठला देत होता. दुपारी तोरण लावून उपयोग नाही हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही.

आपटा म्हणून मोठं, पातळ, लुसलुशीत पान दाखवतात ते बहुतेक वेळा कांचन. खरा आपटा लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. देवाला फरक पडत नसावा. माझ्या आईला पडत असे.

वसईची_सून:
काकांनी सगळं सांगितलं, एक राहिलं. कडेला आपटा नि भाताच्या लोंब्या घेऊन बसलेल्या बायका जव्हार-पालघरकडून येतात. मुलंबाळं घेऊन तिथेच फुटपाथवर झोपतात. त्यांच्याशी जुडीमागे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, प्लीज. माझी सासू सोनचाफा विकायला दादरलाच बसायची, म्हणून सांगते.

आणि पाच किलो म्हणजे एक पिशवी नव्हे हं! गोंडा हलका, फुगतो. दोन मोठ्या कापडी पिशव्या आणा. प्लॅस्टिकमध्ये फुलांना घाम सुटतो, सकाळी उघडलं की वास.

मुक्ता_कल्याण:
जाऊन आलो! दहाला पोचलो. आई पुलावरच थांबून म्हणाली, "आधी शेवंती, मग गोंडा, नाहीतर शेवंतीला पैसे उरत नाहीत." हा आजोबांचा नियम म्हणे. गोंडे झटकायला गेले तर फुलवाला माझ्यावर ओरडला, आईने झटकले तेव्हा गप्प बसला. वजन झाल्यावर तिने वरून एक मूठ उचलून पिशवीत टाकली, विचारलंसुद्धा नाही. तोही काही बोलला नाही. पाचाचे सात किलो झाले. आपटा छोट्या पानांचाच मिळाला, पण तीन ठिकाणी फिरून. लोंब्यांच्या दोन जुड्या सांगितलेल्या भावाने घेतल्या.

गुडघ्याचं विचाराल तर आई ठणठणीत, पाय माझे दुखतायत. लेडीज डब्यात सगळ्यांच्याच मांडीवर पिशव्या, त्यामुळे आमच्यावर कुणी कुरकुरलं नाही. मुलुंड आलं तसा आईने पर्समधून सुई-दोरा काढला. घरूनच घेऊन निघाली होती, मला पत्ता नाही. डोंबिवलीपर्यंत अर्धं तोरण झालं.

कल्याणचा_शेजारी:
सात किलोचं तोरण? दरवाजा आहे की वेशीची कमान? उरले असतील तर सांगा, रिक्षाने येतो.