सोसायटी ग्रुप: गणपतीचा मेनू आणि मेंदूतलं इन्सुलिन

सुषमा पवार बी-३०४: गणपतीची मेनू लिस्ट बघितली. पाचही दिवस आरतीनंतर वडे, जिलबी, फरसाण आणि वर कोल्ड्रिंक. गेल्या वर्षी विसर्जनानंतर आमच्या ह्यांची शुगर कुठे गेली होती ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी परत तेच. बोललं की मीच वाईट.

दीपक (कमिटी): वहिनी लिस्ट फायनल नाहीये. आणि काउंटरवर कोणी हात धरून खायला घालत नाही 🙏

जोशी काका ए-१०१: इन्सुलिनमुळेच वजन वाढते. पवारांनी इंजेक्शन बंद करून बघावे. फॉरवर्ड पाठवला आहे, सर्वांनी वाचावा.

सोनाली सी-५०२: काका प्लीज हे नका लिहू, कोणी खरंच बंद करेल. इन्सुलिन सुरू केल्यावर वजन थोडं वाढतं हे खरंय, आधी लघवीवाटे जाणारी साखर अंगी लागते आणि चरबी साठवायला पण इन्सुलिन मदत करतं. पण तेच इन्सुलिन रक्तातून मेंदूत जातं आणि तिथे काम उलटं, हायपोथॅलॅमसमध्ये भूक लावणाऱ्या पेशी असतात त्यांना गप्प बसवतं. १९७९ मध्ये बबून माकडांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात थेट इन्सुलिन सोडलं होतं, ती कमी खायला लागली आणि वजन उतरलं.

मंदार बी-२०१: म्हणजे कमिटीच्या मेंदूत इन्सुलिन पोचतच नाही 😂

दीपक (कमिटी): तू आधी व्हिजिटर पार्किंगमधली बुलेट काढ मग कमिटीवर बोल.

मंदार बी-२०१: बुलेटवर आलात लगेच. आमच्या बाथरूमचं लीकेज मार्चपासून पेंडिंग आहे त्यावर मात्र "प्लंबरला सांगितलंय".

जोशी काका ए-१०१: इन्सुलिनमुळेच वजन वाढते. फॉरवर्ड वाचला का कोणी?

सोनाली सी-५०२: वाचला काका. तसं असतं तर मेंदूला इन्सुलिन कळेनासं केल्यावर प्राणी बारीक व्हायला हवे होते ना? २००० साली उंदरांमध्ये तेच केलं, फक्त मेंदूच्या पेशींमधले इन्सुलिन रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिन ओळखणारे भाग, काढले, तर चरबीयुक्त खाण्यावर ते अजूनच जाड झाले आणि माद्या तर खायलाच जास्त लागल्या.

देशपांडे आजी: नैवेद्याचे उकडीचे मोदक राहणार ना? बाकी काय ते तुम्ही ठरवा.

दीपक (कमिटी): मोदकांना कोणी हात लावत नाही आजी.

सुषमा पवार बी-३०४: सोनाली, ह्यांचं इंजेक्शन मेंदूपर्यंत जातं का गं मग? भूक तर काही कमी होत नाही ह्यांची.

सोनाली सी-५०२: थोडं जातं काकू. पण लठ्ठपणात मेंदू त्याला दाद देईनासा होतो, शरीर जसं देत नाही तसंच. म्हणून भूक हा नुसता मनावर ताबा नसण्याचा प्रश्न नाही, पवारकाकांना उगाच बोलू नका 🙂 डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक युनिटही इकडेतिकडे नको.

नीता ए-४०३: नाकात मारायचा इन्सुलिनचा स्प्रे असतो म्हणे, वजनासाठी? ऑनलाइन मिळेल का?

सोनाली सी-५०२: नको! तो रिसर्चमध्ये वापरतात, नाकातून मेंदूपर्यंत पोचवायला. जर्मनीत २००४ मध्ये ८ आठवडे देऊन बघितला, पुरुषांची चरबी किलोभराहून थोडी जास्त उतरली, बायकांची नाही, उलट अंगात पाणी साठून वजन वाढलं.

नीता ए-४०३: इथे पण पुरुषांचंच भलं 😤

जोशी काका ए-१०१: म्हणजे वजन वाढतेच. मी तेच म्हणत होतो.

सोनाली सी-५०२: 🤦‍♀️ असो, मेनूबद्दल. जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा एक अभ्यास २०२५ मध्ये छापून आलाय, १८ निरोगी तरुण पुरुषांना पाच दिवस नेहमीच्या जेवणावर चॉकलेट-चिप्स असलं जास्तीचं खायला दिलं, टार्गेट रोज दीड हजार कॅलरी. वजन फारसं हललं नाही, पण लिव्हरमध्ये चरबी वाढली, आणि नेहमीच्या जेवणावर येऊन आठवडा झाल्यावर मेंदूच्या काही भागांचा इन्सुलिनला प्रतिसाद कमी दिसला. काट्यावर काही दिसत नाही हीच तर गोची आहे.

दीपक (कमिटी): १८ जर्मन लोकांवरून आमची जिलबी बंद करणार का?

सोनाली सी-५०२: १८ कमीच आहेत, आणि सगळे पुरुष, म्हणजे नीताताईंना हे जसंच्या तसं लागू करता येणार नाही. बंद करा म्हणतच नाहीये मी. पण पाचच्या पाच दिवस कशाला?

मंदार बी-२०१: वडे ठेवा, कोल्ड्रिंक काढा. तसंही गेल्या वर्षी गरमच होतं.

दीपक (कमिटी): गेल्या वर्षी फ्रीज तुझ्याकडून येणार होता मंदार.

सुषमा पवार बी-३०४: जिलबी एकच दिवस ठेवा, बाकी दिवस उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक. कोशिंबीर आणि ताक मी करते. आता हे पण नको असेल तर स्पष्ट सांगा.

देशपांडे आजी: ताकात आलं घाल गं. काकडी किसायला मी येते.

दीपक (कमिटी): ठीक आहे वहिनी. जिलबी शेवटच्या दिवशी, कोल्ड्रिंक रद्द. केटररला शुक्रवारी फायनल आकडा द्यायचाय, त्यानंतर बदल होणार नाही. वर्गणी राहिलेल्यांनी तेवढी द्या, मंदार.