‘असमतोल’ की ‘समतोलाबाहेरील’?

प्रश्न : जड आयनांच्या टकरीनंतर प्रसरण पावणाऱ्या प्लाझ्माविषयी लिहिताना ‘असमतोल उत्क्रांती’ हा शब्दप्रयोग योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत. ‘प्रादेशिक असमतोल’सारख्या प्रयोगांमुळे ‘असमतोल’ या शब्दाला विषमतेची किंवा बिघाडाची छटा आली आहे. येथे बिघडलेले काहीच नसते. शिशाची किंवा सोन्याची अणुकेंद्रे जवळजवळ प्रकाशवेगाने आदळल्यावर मोकळ्या झालेल्या क्वार्क आणि ग्लुऑन या मूलभूत कणांना (त्यांचाच हा प्लाझ्मा बनतो) आपसांत ऊर्जा वाटून घेण्याइतका अवधीच मिळालेला नसतो, आणि टकरीच्या अक्षाच्या दिशेने प्लाझ्मा इतक्या झपाट्याने ताणला जातो, की त्या दिशेचा दाब आडव्या दिशेतील दाबापेक्षा कमी राहतो. म्हणून मी ‘समतोलाबाहेरील’ असे लिहीन.

प्रतिप्रश्न : मग ‘समतोलपूर्व’ का नको?

उत्तर : तो शब्द अगदी सुरुवातीच्या टप्प्यापुरता चांगला आहे, संपूर्ण प्रवासाला मात्र लावता येत नाही. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील प्रयोगांतून हा प्लाझ्मा जवळजवळ आदर्श, म्हणजे अंतर्गत घर्षण नसलेल्या, द्रवासारखा वाहतो, असे २००५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्यात फार लवकर औष्णिक समतोल साधला जात असावा, असा अर्थ अनेकांनी काढला. नंतरच्या सैद्धांतिक कामातून दिसले, की दोन दिशांतील दाब बरेच असमान असतानाही द्रायुगतिकीची (द्रव-वायूंच्या प्रवाहाच्या शास्त्राची) समीकरणे लागू पडू शकतात. टकरीनंतर ती लागू पडू लागेपर्यंतचा काळ साधारणपणे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाचा पुन्हा लाख कोटीवा भाग घेतला, तर तसे तीन-चार भाग इतकाच धरला जातो. ‘द्रवासारखे वाहणे’ आणि ‘समतोलात असणे’ या दोन गोष्टी मराठीतही वेगळ्याच ठेवायला हव्यात.

शिवाय शेवटीही समतोल सुटतोच. तापमान सुमारे १.८ लाख कोटी केल्विनपर्यंत उतरले, की प्लाझ्मातून बनलेल्या कणांच्या प्रकारांचे प्रमाण जवळपास कायम होते; त्यांचे संवेग मात्र परस्परांतील टकरी थांबेपर्यंत बदलत राहतात. या अवस्थेला ‘समतोलपूर्व’ कसे म्हणणार?

‘उत्क्रांती’ वाचताच सजीवसृष्टी आठवते आणि ‘विकास’ म्हटले की सुधारणा सुचते. त्यामुळे शीर्षकात ‘प्रसरणशील प्लाझ्माचे समतोलाबाहेरील कालानुक्रमी बदल’ असे लिहावे. ते लांब वाटले, तरी त्याचा चुकीचा अर्थ निघत नाही.