सल्ला हवा: वेलुवे (नेदरलँड्समधला जंगल-वाळूचा प्रदेश) – हरणांचा माज आणि उघडी वाळू, दोन दिवसांत

पाऊलवाट: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना दोन दिवस वेलुवेला न्यायचंय. दोघंही सत्तरीचे, चालतात पण चढ नको. हरणं बघायला कुठे, किती वाजता थांबावं? वाळूचा भाग त्याच फेरीत जमेल का? आणि लांडग्यांचं कितपत मनावर घ्यायचं?

रातवा: आठवडा अचूक निवडलात. रेड डिअरचे नर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ओरडतात. राहायला ओटर्लो घ्या, होखे वेलुवे उद्यानाचं (सुमारे ५,४०० हेक्टर) एक फाटक गावालगतच आहे. सूर्यास्त साडेसातच्या आसपास. संध्याकाळी साडेपाचलाच उद्यानातल्या विल्डबानवेख रस्त्यावर जागा धरा, नंतर दुर्बिणवाल्यांची रांग लागते. वारा तोंडावर घेऊन बसा, पाठीवर नको. हरणाला तुम्ही दिसण्याआधी तुमचा वास पोचतो. ८×४२ ची दुर्बीण पुरे. कळप हलत नाही म्हणून चार पावलं पुढे जायचा मोह होतो आणि तिथेच सगळं बिघडतं: आधी माद्या निघतात, त्यांच्यामागे नर. नर ओळखायला मानेवरची दाट आयाळ बघा. चिखलात लोळून ती बहुतेक वेळा काळी झालेली असते. ओरडताना मान आडवी ताणतो, गार हवेत तोंडातून वाफ निघते.

फाटक बंद व्हायची वेळ महिन्यागणिक बदलते, तिकीट काढताना बघून ठेवा. बाहेरच्या जंगलात सूर्यास्त ते सूर्योदय जायला बंदी असते, तेव्हा 'अंधारात जरा थांबू' हा बेत नको. मुफलॉन मेंढ्यांची आशा धरू नका, लांडग्यांनी त्या जवळजवळ संपवल्या.

खडीसाखर: वाळूसाठी वेलुवेतलंच कोटवेकरझांड. सुमारे ७०० हेक्टर, उडत्या वाळूचा पश्चिम युरोपातला समुद्रापासून आत असलेला सगळ्यात मोठा पट्टा. वेलुवेच्या टेकड्या हिमयुगातल्या आहेत, बर्फाने ढकललेल्या वाळू-गोट्यांच्या. वाळू उघडी पडली ती मात्र माणसामुळे: मेंढ्यांनी हीदर (माळावरचं बुटकं झुडूप) खाल्लं, शेतकऱ्यांनी गोठ्यासाठी मुळांसकट ढेकळं खरवडून नेली, मग वारा सुटला की शेतं-वाटा गाडल्या जायच्या. ती वाळू धरून ठेवायला स्कॉट्स पाइन लावले, आणि त्याची लाकडं लिंबर्गच्या कोळसा खाणींत टेकूंना गेली. म्हणून एकाच वयाची झाडं सरळ ओळीत दिसतात. गंमत म्हणजे आता वाळू उघडी ठेवायला तेच पाइन तोडतात! हवेतून येणाऱ्या नायट्रोजनने वाळूवर शेवाळ आणि गवत चढतं, ते खरवडावं लागतं.

झाडांच्या कडेच्या कोरड्या वाळूत नखाएवढे उलटे शंकू दिसले तर ते अँटलायन या किड्याच्या अळीचे, मुंग्या पकडायचे खड्डे. काडीने कडेचे चार कण पाडा, तळातून वाळू उडवते. उन्हाची वेळ धरा. बूट घोट्यावर बंद होणारे हवेत. सैल वाळूत चाल निम्मी होते, म्हणून आई-बाबांना कडेच्या टणक वाटेवरच न्या.

पाऊलवाट: फार उपयोगी, आभार. उद्यानातल्या फुकट सायकली त्यांना जमतील का?

खडीसाखर: पांढऱ्या सायकली सुमारे १,८०० आहेत, पण हँडलला ब्रेक नाही. पेडल उलटं दाबलं की थांबते. सवय नसेल तर फाटकाजवळ सपाट जागी पाच मिनिटं थांबायचाच सराव करून घ्या, उतारावर हात रिकामा ब्रेक शोधत राहतो. उद्यानातलं क्रोलर-म्युलर कला म्युझियम सोमवारी बंद.

रातवा: लांडगे २०१८ पासून उत्तर वेलुवेत कायम राहतात, २०१९ ला तिथे पिल्लंही झाली. दिसला तर पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. कुत्रा बरोबर असेल तर पट्ट्यावर. रानडुकराची पट्टेवाली पिल्लं दिसली की लगेच मागे फिरा, आई जवळच असते. खायला घालायचा तर विचारही नको.

पण खरी काळजी गोचिडीची. उघड्या वाळूत ती क्वचितच, नेच्याच्या झुडपांत आणि उंच गवताच्या कडेला भरपूर. पँट मोज्यात खोचा. रात्री गुडघ्यामागे, जांघेत, काखेत आणि केसांच्या कडेला तपासा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ ओढा. तेल, स्पिरिट, काडेपेटी काही नको. त्यानंतर जखम धुवायची. तारीख फोनमध्ये टाका. तीन महिन्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ उठलं तर डॉक्टरकडे. पाहुणे तोवर पुण्या-मुंबईला परतलेले असतील, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांना 'नेदरलँड्समध्ये गोचीड चावली होती' हे स्वतःहून सांगा, नाहीतर लाइमचा (गोचिडीतून होणाऱ्या आजाराचा) विचार कुणाच्या डोक्यात येणार नाही.