फेसलिफ्ट: केलीत, टाळलीत की अजून आरशासमोरच?

वय ६१. गेलं वर्षभर एकच प्रश्न ऐकतेय, "दमलीस का गं?" दमलेली नसते हो, मस्त झोप झालेली असते. पण गाल उतरलेत, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जबड्यावर पिशव्या लोंबायला लागल्यात आणि गळ्याला दोन उभ्या दोऱ्या दिसतात. परवा गादीवर उताणी पडून हातातल्या आरशात पाहिलं, तर पंधरा वर्षांपूर्वीची मी! उठून बसले, तसा चेहरा परत घरंगळला. तेव्हापासून डोक्यात फेसलिफ्ट, म्हणजे उतरलेला चेहरा वर उचलायची शस्त्रक्रिया, घोळतेय. ज्यांनी केली, ज्यांनी ठरवून केली नाही, जे दारातून परत आले, सगळ्यांनी लिहा. "मनाने तरुण राहा" सोडून काहीही चालेल.

*

मी ५७ व्या वर्षी केली, त्याला तीन वर्षं झाली. नुसती कातडी ताणून शिवतात असं मलाही वाटायचं. तसं केलं तर चेहरा ओढल्यासारखा दिसतो आणि लवकर सैलही पडतो. कातडीखाली एक पातळ पण चिवट पडदा असतो, डॉक्टर त्याला 'स्मास' म्हणतात. १९७६ मध्ये त्याचं नीट वर्णन झालं आणि तेव्हापासून या शस्त्रक्रियेची तऱ्हाच बदलली. ओढ त्या पडद्याने पेलायची, कातडी वर अलगद अंथरायची. काप कानशिलाच्या केसांतून निघून कानापुढून उतरतो आणि पाळीखालून मागे वळतो. आता शोधावा लागतो.

दहाव्या दिवशी मात्र मी ढसाढसा रडले. चेहरा जांभळा-पिवळा, एक गाल दुसऱ्यापेक्षा मोठा, हसायला गेलं की आत कुणी चिमटा लावल्यासारखं. सूज उतरेपर्यंत दोन-तीन आठवडे आरशाशी भांडण. आणि कानाच्या पाळ्या बधिर! चार-पाच महिने. एक डूल कुठे पडला कळलंसुद्धा नाही, घरी आल्यावर पाहिलं तर एकाच कानात. केस वाळवायचा ड्रायर गरम ठेवू नका म्हणून बजावलं होतं ते याचसाठी, भाजलं तरी समजत नाही.

ओठांभोवतीच्या बारीक रेषा तशाच आहेत. त्या फेसलिफ्टने जात नाहीत, हे मला आधी सांगितलेलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

*

पुरुषांनीही लिहावं म्हणून लिहितोय. वय ६४. कातडी मागे सरकते तशी दाढीही सरकते. आता कानामागेसुद्धा रेझर फिरवावा लागतो, पहिल्यांदा हसू आलं. पण खरी गोष्ट वेगळी. कातडीखाली रक्त साकळणं ही यातली नेहमीची गुंतागुंत, आणि पुरुषांत ती जास्त होते. बीपी असेल तर आणखी. माझं बीपी त्या रात्री चढलं. डावा गाल टणक झाला, एकाच बाजूला ठणका. "सिस्टरला कशाला उठवायचं" म्हणून मी तासभर गप्प पडून राहिलो. शहाणपणा! शेवटी मध्यरात्री परत टेबलावर घेतलं, टाके उघडून रक्त काढलं. दोन्ही बाजू सारख्या दुखत असतील तर दुखू द्या. एकच बाजू अचानक तटतटली तर सकाळची वाट पाहू नका.

*

मला डॉक्टरांनीच नाही म्हटलं. रोजच्या आठ सिगारेटी. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, उचललेल्या कातडीला रक्त पोचत नाही आणि ती काळी पडून मरू शकते. किमान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद, निकोटिनचं च्युइंगमसुद्धा नको. मनात म्हटलं, सोडली म्हणून सांगू. तर म्हणाले, लघवी तपासू. सात महिने झाले, सिगारेट सुटली. फेसलिफ्टची हौसही त्याच धुरात गेली बहुतेक.

*

आम्ही जुळ्या. तिने केली, मी नाही. पूर्वी तिचा फोन माझ्या चेहऱ्याने उघडायचा, आता उघडत नाही. इतकंच सांगायचं होतं. (ती छान दिसते. मला जरा राग येतो.)

*

शस्त्रक्रियेची भीती म्हणून मी सहा वर्षं फिलर, म्हणजे चेहरा भरायचं जेल, सुईने भरून घेत राहिले. दर वेळी थोडंसंच. उतरलेला गाल फिलरने उचलला जात नाही, फक्त भरला जातो. एक दिवस फोटोत पाहिलं तर चेहरा उशीसारखा. हायल्युरॉनिक ॲसिडचं असल्यामुळे इंजेक्शन देऊन विरघळवता आलं. आता खाली काय आहे ते निदान दिसतंय.

*

जरा थांबा, तुमचं 'दमलीस का' नक्की गालांमुळेच आहे ना? मी तीच तक्रार घेऊन गेले होते. डॉक्टरांनी बोटाने माझी भुवई जराशी उचलली आणि आरसा पुढे धरला. दमलेपण गायब! वरच्या पापण्यांची कातडी लोंबत होती, एवढंच. ती शस्त्रक्रिया फेसलिफ्टपेक्षा पुष्कळ लहान, माझी तर जागा बधिर करून झाली. गाल आहेत तसेच आहेत, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही. वजन कमी करायचा विचार असेल तर तेही आधी उरका, नंतर उतरवलंत तर सगळं पुन्हा सैल होतं.

*

सगळ्यांचे आभार, जुळ्या बहिणीचे जास्त. सोमवारची वेळ घेतलीय, फक्त बोलायला. बीपीच्या गोळीचं नाव आणि रोज घेते ते फिश ऑइल, दोन्ही कागदावर लिहून नेतेय, रक्त पातळ करणारं काहीही सांगायला हवं म्हणतात. भुवई उचलून पाहिली. नाही, माझे गालच आहेत. मुलीकडून गादीवर पडल्या पडल्या एक फोटो काढून घेतला, डॉक्टरांना दाखवायला. "हे काय चाललंय?" म्हणाली. तिला अजून सांगितलेलं नाही.